चिया खाल्ल्याने बीपी उतरतं का, चरबी घटते का?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: वय ४६. सहा महिन्यांपूर्वी रक्तदाब १४८/९४ निघाला, तेव्हापासून रोज एक गोळी चालू आहे. वजन ८२ किलो, पोट सुटलेलं. गेले दोन महिने रोज सकाळी दोन मोठे चमचे चियाच्या बिया पाण्यात भिजवून, वर लिंबू पिळून घेतो. बीपी आता १३६ ते १४२ च्या दरम्यान दिसतं. वजन मात्र जागचं हललेलं नाही, उलट जिममधल्या मशीनने चरबी ३१ वरून ३२ टक्क्यांवर गेल्याचं दाखवलं. चियाने बीपी खरंच उतरलं का? मग चरबी का उतरत नाही? प्रमाण वाढवू का? आणि आता गोळी बंद करता येईल का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण धोका तिथे आहे. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, अर्धीही करू नका. तुम्ही सहा महिन्यांपूर्वीचा आकडा दिलात आणि आजचा दिलात. मधले चार महिने गोळी चालू होती आणि चिया नव्हता, त्या काळातला एकही आकडा तुमच्या पत्रात नाही. चियाचा हिशेब लावायचा तर नेमका तोच आकडा लागतो. जुनी वही, फोनमधली नोंद, डॉक्टरांच्या कागदावरचं एखादं रीडिंग, जे सापडेल ते शोधा. चिया सुरू करायच्या आधीच बीपी १४० वर आलेलं असेल, तर ते काम गोळीचं आहे आणि चियाने अजून काही दाखवलेलं नाही.

आता चियाकडे वळू. मी आहारतज्ज्ञ म्हणून बावीस वर्षं काम करते आहे. त्यातली निदान दहा वर्षं तरी हा प्रश्न दर आठवड्याला समोर येतो, त्यामुळे यावर झालेले प्रयोग मी बारकाईने वाचत आले आहे. चियाबद्दल जी मोठमोठी विधानं फिरतात, त्यांच्यामागे मोजक्याच लोकांवर केलेले काही प्रयोग आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. ही विसंगती नीट पाहिली तर तुमचं उत्तर तिच्यातच सापडतं.

पहिला गाजलेला प्रयोग कॅनडात, टोरांटोला झाला आणि २००७ साली प्रसिद्ध झाला. टाइप २ मधुमेहाचे २० रुग्ण, त्यांचे नेहमीचे उपचार चालू ठेवून रोज सुमारे ३७ ग्रॅम चिया, १२ आठवडे. त्याच माणसांना दुसऱ्या १२ आठवड्यांत चियाऐवजी गव्हाचा कोंडा दिला, म्हणजे प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशीच झाली. चियाच्या काळात वरचा रक्तदाब सरासरी ६ अंकांनी उतरला. वजन होतं तिथेच राहिलं. लोकांनी यातला पहिला निष्कर्ष उचलला आणि दुसरा सोडून दिला.

मग २००९ साली अमेरिकेतला प्रयोग आला. वजन जास्त असलेल्या ७६ जणांनी तो पूर्ण केला. रोज ५० ग्रॅम, म्हणजे टोरांटोपेक्षाही जास्त, आणि तेही १२ आठवडेच. वजन, शरीरातली चरबी, रक्तदाब, काहीच बदललं नाही. रक्तातलं अल्फा लिनोलेनिक आम्ल, म्हणजे चियामधलं ओमेगा-३, तेवढं वाढलं. पुढे ब्राझीलमध्ये उच्च रक्तदाब असलेल्या रुग्णांना रोज ३५ ग्रॅम चियाचं पीठ देऊन पाहिलं, तेव्हा १२ आठवड्यांत रक्तदाब पुन्हा उतरलेला दिसला.

हे असं का झालं असावं? मला दोन कारणं पटतात. पहिलं म्हणजे ज्यांचा रक्तदाब मुळात चढलेला असतो त्यांच्यात तो उतरायला वाव असतो, ज्यांचा जवळपास ठीक असतो त्यांच्यात नसतो. कुठल्याही पथ्याचा परिणाम असाच दिसतो. दुसरं कारण दाण्याच्या रूपात आहे. अमेरिकेतल्या त्या प्रयोगात अख्ख्या बिया दिल्या होत्या, ब्राझीलमध्ये पीठ. त्याच अमेरिकी संशोधकांनी २०१२ साली मासिक पाळी थांबलेल्या, वजन जास्त असलेल्या स्त्रियांना रोज २५ ग्रॅम चिया १० आठवडे दिला, काहींना अख्खा आणि काहींना दळलेला. दळलेला खाणाऱ्यांच्या रक्तात ओमेगा-३ स्पष्ट वाढलं, अख्खा खाणाऱ्यांत तसं वाढलं नाही. चियाचं टरफल चिवट असतं आणि दाणा इतका बारीक की दाताखाली येतच नाही. बराचसा तसाच आत जातो आणि तसाच बाहेर पडतो. मात्र त्या स्त्रियांमध्येही रक्तदाब आणि वजन यांत फरक पडला नाही, हेही सांगायला हवं. ओमेगा-३ रक्तात पोचलं म्हणजे बीपी उतरलंच असं समीकरण मांडता येत नाही.

बीपी उतरवणारं असं चियात आहे तरी काय? तुमच्या दोन चमच्यांचाच हिशेब मांडते. दोन मोठे चमचे म्हणजे साधारण २५ ग्रॅम. त्यात तंतू, म्हणजे फायबर, साडेआठ ग्रॅम, अल्फा लिनोलेनिक आम्ल साडेचार ग्रॅमच्या आसपास, प्रथिनं ४ ग्रॅम, मॅग्नेशियम ८० मिलिग्रॅम, कॅल्शियम १५० मिलिग्रॅम, पोटॅशियम १०० मिलिग्रॅम आणि सोडियम नगण्य. यातलं पोटॅशियम पुढे करून ‘चियाने बीपी उतरतं’ असं सांगितलं जातं, तो युक्तिवाद मला अजिबात पटत नाही. मोठ्या माणसाला दिवसाला साडेतीन हजार मिलिग्रॅम पोटॅशियम हवं, त्यात शंभराने काय होणार? एक केळं यापेक्षा चौपट देतं. तंतू मात्र खरोखर घसघशीत आहेत. दिवसाच्या गरजेचा जवळपास तिसरा हिस्सा दोन चमच्यांत मिळतो, असं दुसरं खाणं पटकन आठवत नाही. अल्फा लिनोलेनिक आम्लाने रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर थोडं सैलावतं, ही शक्यताही रास्त आहे. पण मासळीतल्या ओमेगा-३ मध्ये त्याचं रूपांतर शरीरात फारच थोडं होतं, तेव्हा ‘चिया म्हणजे मासळीच’ ही समजूत सोडून द्या. चियातल्या प्रथिनांचे तुकडे बीपीच्या काही गोळ्यांसारखं काम करतात असंही वाचाल. ते परीक्षानळीत दिसलं आहे. परीक्षानळीतून माणसाच्या धमनीपर्यंतची वाट फार लांबची असते.

एवढं सगळं धरून माझं मत असं: रक्तदाब चढलेला असेल, चिया दळलेला असेल, रोज २५ ते ३५ ग्रॅम असेल आणि सलग तीन महिने घेतला असेल, तर वरचा आकडा काही अंकांनी उतरू शकतो. शब्द मुद्दाम ‘शकतो’ असा घेतला आहे.

पण कामाच्या अनुभवातून मला याहून मोलाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे. चिया कशाच्या जागी आला, यावर सगळं ठरतं. एक गृहस्थ दीड महिन्यात बीपी १४ अंकांनी उतरलं म्हणून आनंदाने सांगायला आले होते. हातात चियाचा डबाच होता. मी त्यांना दिवसभराचं खाणं तासातासाने सांगायला लावलं. संध्याकाळी सहाला त्यांनी जरा थांबून आठवलं आणि म्हणाले, आता त्या वेळी दह्यात भिजवलेला चिया खातो. पूर्वी काय खात होतात? खारट वेफर्सची दोन पाकिटं, रोज, ऑफिसातून निघताना. ती पाकिटं चियाने हटवली होती आणि त्यांच्याबरोबर रोजचं कितीतरी मीठही गेलं होतं. बीपी खरंच उतरलं होतं, चियाचाही त्यात हात होता, पण तो भुकेच्या वेळी पोट धरून ठेवण्याचा. मी त्यांना चिया सोडू नका म्हणून सांगितलं. सहाच्या सुमाराची ती जागा रिकामी झाली असती तर पाकिटं परत आली असती.

त्याच महिन्यात आलेल्या एका बाईंची गोष्ट याच्या नेमकी उलट. रोजचं जेवण होतं तसंच, वर सकाळी केळी, मध आणि तीन चमचे चिया घातलेलं दूध. तीन महिन्यांत वजन दीड किलोने वाढलं, आणि त्यांची चूक म्हणावी तर ती एवढीच की चिया ‘वजन कमी करतो’ हे कुणीतरी सांगितलेलं त्यांनी खरं मानलं.

तुमचं वजन का हललं नाही याचं उत्तर बहुधा इथेच आहे. २५ ग्रॅम चियात साधारण १२० कॅलरी असतात. दाणा दिसायला तिळापेक्षा लहान, पण त्याचा तीस टक्के भाग तेल असतो. साठ दिवस रोज १२० म्हणजे ७,२०० कॅलरी. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. अख्ख्या बियांमधलं सगळंच अंगी लागत नाही हे खरं, पण बाकीचं खाणं जसंच्या तसं ठेवून चिया वर घेतला तर चरबी घटण्याचं काहीच कारण उरत नाही. तुमचं वजन वाढलं नाही, याचा अर्थ चियाने पोट भरल्यामुळे तुम्ही दिवसात कुठेतरी थोडं कमी खात आहात. दोन्ही बाजू बरोबरीला आल्या आहेत.

चियाने वजन घटल्याचा एक चांगला प्रयोग आहे, तोही टोरांटोचाच, २०१७ सालचा. वजन जास्त असलेले ७७ मधुमेही, सहा महिने. चिया खाणाऱ्यांचं वजन १.९ किलोने घटलं, तुलनेच्या गटाचं ०.३ किलोने. कंबरेचा घेर चियाच्या गटात साडेतीन सेंटीमीटरने कमी झाला, दुसऱ्या गटात सेंटीमीटरभराने. हे आकडे मी हलके लेखत नाही. मात्र दोन गोष्टी लक्षात घ्या. दोन्ही गटांना कमी कॅलरींचा आखीव आहार दिला होता, चिया त्या मापात बसवलेला होता. आणि प्रमाण दर हजार कॅलरींना ३० ग्रॅम होतं, म्हणजे पंधराशे कॅलरी खाणाऱ्याला दिवसाला ४५ ग्रॅम. एवढं करून सहा महिन्यांत दोन गटांत दीड किलोचा फरक पडला. पोटाची चरबी ‘वितळवणारं’ खाणं अजून कुठल्याही जमिनीत उगवलेलं नाही. चरबी उतरते तेव्हा ती अंगभर उतरते, कुठली आधी आणि कुठली नंतर हे ज्याच्या-त्याच्या शरीरावर अवलंबून.

जिममधल्या मशीनवरचा तो वाढलेला एक टक्का मनातून काढून टाका. ते मशीन चरबी मोजत नाही. पायातून किंवा हातातून बारीकसा विद्युतप्रवाह सोडून त्याला किती अडथळा होतो तेवढं ते पाहतं. शरीरातल्या पाण्यातून प्रवाह सहज जातो, चरबीतून अडखळतो. त्यावरून चरबी किती असेल याचा अंदाज सूत्राने काढलेला असतो. व्यायामानंतर घाम गेलेला असताना उभं राहिलात तर चरबी जास्त दिसते, भरपूर पाणी पिऊन उभं राहिलात तर वेगळंच काही दिसतं. एका टक्क्याचा फरक सकाळ-संध्याकाळमध्येही पडतो. चिया सुरू केल्यावर वजनकाट्यावरही असा भास होतो. भिजलेले तंतू पाणी धरून आतड्यात राहतात, शौचाचं प्रमाण वाढतं, त्यामुळे काटा थोडा वर सरकलेला दिसतो. ती चरबी नव्हे. तुम्हाला घरी करता येण्यासारखं सगळ्यात भरवशाचं माप म्हणजे मोजपट्टी. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, पट्टी कातडीला टेकेल पण रुतणार नाही अशी धरून मापा. महिन्यातून दोनदा पुरे.

बीपीच्या रीडिंगचंही तसंच आहे. तुमचं १३६ ते १४२ हे जिने चढून आल्यावरचं आहे की बसून घेतलेलं, मला कळायला मार्ग नाही. लघवी तुंबलेली असताना, बोलत असताना, पायावर पाय टाकून, हात खाली लोंबकळत ठेवून किंवा दंडाला लहान पडणाऱ्या पट्ट्याने मोजलं तर आकडा दहा-दहा अंकांनी फुगू शकतो. चियाकडून अपेक्षा पाच-सहा अंकांची आणि मोजण्यातली चूक दहाची असेल, तर त्या नोंदीतून काहीच कळणार नाही. आधी लघवीला जाऊन या. अर्धा तास चहा-कॉफी, सिगारेट, व्यायाम नको. पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा, दंड छातीच्या पातळीत टेबलावर ठेवा. एक मिनिटाच्या अंतराने दोन रीडिंग, सकाळी गोळीच्या आधी आणि रात्री, सलग सात दिवस. पहिला दिवस वगळून बाकीच्यांची सरासरी काढा. घरच्या मोजणीत १३५/८५ किंवा त्याच्या वर सरासरी आली तर रक्तदाब अजून ताब्यात नाही असं समजायचं.

प्रमाण वाढवू का, असं विचारलंत. वाढवू नका, रूप बदला. दोन चमचे पुरेसे आहेत, फक्त दळून घ्या. मिक्सरच्या छोट्या भांड्यात चार-पाच दिवसांपुरतंच दळा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा, कारण दळल्यावर तेल उघडं पडतं आणि लवकर खवट होतं. वास बदलला की टाकून द्यायचं. आणि सकाळच्या लिंबूपाण्यातून काढून तो जिथे तुमचा हात चुकीच्या गोष्टीकडे जातो त्या वेळी ठेवा. ती वेळ कोणती हे तुम्हालाच माहीत. बिस्किटांची असेल, फरसाणाची असेल, रात्री उशिराची असेल.

कोरडा चिया तोंडात टाकून वर पाणी पिऊ नका. एकदा काचेच्या पेल्यात चमचाभर बिया टाकून बघा. दहा मिनिटांत प्रत्येक दाण्याभोवती पारदर्शक बुळबुळीत कवच चढतं, काळा ठिपका मधोमध आणि भोवती मणी, बोटांच्या चिमटीत धरायला गेलं की निसटतो. हे मणी एकमेकांना चिकटत जातात आणि तासाभरात पेल्यातलं पाणी सांडेनासं होतं. हेच अन्ननलिकेत झालं तर? अमेरिकेत एका ३९ वर्षांच्या माणसाने चमचाभर कोरडा चिया खाऊन वर पाणी प्यायलं आणि फुगलेला गोळा अन्ननलिकेत अडकला, तो दुर्बिणीने मोकळा करावा लागला. २०१४ मध्ये पोटविकारतज्ज्ञांच्या परिषदेत ही केस मांडली गेली. तेव्हा निदान अर्धा तास भिजवा, दळलेला असेल तर दही, दूध किंवा पातळ पदार्थात नीट ढवळून घ्या, आणि दिवसभरात पाणी कमी पडू देऊ नका. ज्यांना गिळायला त्रास होतो किंवा आतडं कुठे अरुंद असल्याचं निदान झालं आहे त्यांनी चिया डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. मूत्रपिंडाचा आजार असेल तर त्यातल्या फॉस्फरसचा आणि पोटॅशियमचा हिशेब करावा लागतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी गोळी आणि चिया यांत चार तासांचं अंतर ठेवावं, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही. तुमची बीपीची गोळीही चियाबरोबर एका घोटात घेऊ नका.

आणखी एक तुलना देते, म्हणजे चियाला किती महत्त्व द्यायचं याचा अंदाज येईल. ‘डॅश’ नावाचा आहार अमेरिकेत तपासला गेला, १९९७ साली त्याचे निष्कर्ष आले. भरपूर फळं-भाज्या, कमी स्निग्धांशाचं दूध-दही, सुकामेवा. मीठ कमी केलं नव्हतं, वजनही मुद्दाम आहे तेवढंच राखलं होतं. तरी उच्च रक्तदाबाच्या लोकांमध्ये आठ आठवड्यांत वरचा आकडा सुमारे ११ आणि खालचा सुमारे ५ अंकांनी उतरला. एका बीने जे जमत नाही ते अख्ख्या ताटाने जमतं. त्यात जागतिक आरोग्य संघटना सांगते ते दिवसाला ५ ग्रॅमच्या आतलं मीठ जोडलं की उतार आणखी वाढतो. वजन एक किलोने उतरलं की वरचा रक्तदाबही साधारण एका अंकाने उतरतो, हा ठोकताळा तुमच्यासारख्या ८२ किलोच्या माणसाच्या फार उपयोगाचा आहे. पाच किलो उतरले तर टोरांटोच्या पहिल्या प्रयोगात चियाने जेवढा दिला जवळपास तेवढा लाभ तिथेच मिळाला. पण ते पाच किलो स्नायूंचे नसावेत, म्हणून आठवड्यातून दोन-तीन दिवस वजनांचा व्यायाम हवा आणि प्रत्येक जेवणात नीट प्रथिनं हवीत. चियातली ४ ग्रॅम प्रथिनं त्यासाठी फार तोकडी आहेत.

तुमच्यासाठी पुढचे तीन महिने असे आखा. हा आठवडा काहीही न बदलता वर सांगितल्याप्रमाणे बीपी मोजा, कंबर मापा आणि जे पोटात जातं ते सगळं लिहा. पुढच्या आठवड्यापासून दळलेले दोन चमचे चिया, पण त्या लिखाणात जे सगळ्यात खारट किंवा सगळ्यात गोड सापडेल त्याच्या जागी. गोळी आहे तशीच. बाराव्या आठवड्यात पुन्हा सात दिवस मोजा, त्याच वेळी, त्याच मशीनने, त्याच खुर्चीत. मध्येच कधी उठताना चक्कर आली किंवा वरचा आकडा ११० च्या खाली जायला लागला तर बारा आठवडे थांबू नका, लगेच डॉक्टरांना सांगा. आणि रक्तदाब १८०/१२० च्या वर गेला व सोबत छातीत दुखणं, धाप, बोलताना अडखळणं किंवा एका बाजूचा हात-पाय जड होणं यांपैकी काही असेल, तर थेट दवाखाना गाठा. तसं काही झालं नाही तर बारा आठवड्यांनी ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. दोन्ही सरासऱ्या शेजारी-शेजारी लिहिलेल्या असल्या की गोळी कमी करायची का, हे ठरवायला त्यांना पाच मिनिटंही लागणार नाहीत.